शेटजींना गेलेलं पत्र

नाशिक, २ फेब्रुवारी २०२६

ती. विमलअक्कास धोंडीरामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. माझी साठी साठ दिव्यांनी ओवाळून करायचं तुझ्या मनात आहे, असं तुझ्या अमोलने सांगितलं. कर, पण गाजावाजा नको. आमच्या पार्सल एजन्सीत अठ्ठावन्नच्या वरचा ड्रायव्हर ठेवत नाहीत. आधार कार्ड काढताना त्या माणसाने माझी सात वर्षं कमी लावली, ती मी तशीच राहू दिली. त्यावरच टेम्पो हातात आहे. गेल्या महिन्यात माझ्यासोबतच्या नाथा ड्रायव्हरचं वय भरलं, तर बारा वर्षं जुन्या माणसाकडून गेटवरच किल्ली काढून घेतली.

दिवसाला ऐंशी पार्सलं, निम्म्या इमारतींना लिफ्ट नाही. लघवीला थांबलो तरी मोबाईल मिनिटं मोजतो. गुडघा कुरकुरतो, पण बोलायची सोय नाही. दर रविवारी मिशांना कलप लावतो. तुझी भावजय म्हणते, निघाले नवरदेव. पोरीचं, पूजाचं, नर्सिंगचं एकच वर्ष राहिलंय, तेवढं निभावलं की मीच उतरेन.

लोभ आहे तसाच ठेव, दिवे तेवढे हळूच लाव.

तुझा धाकटा,
धोंडीराम

---

येवला, ७ फेब्रुवारी २०२६

चि. धोंडीरामास अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. अरे, तीन तारखेलाच मी तुझ्या शेटजींना पत्र टाकलं. पत्ता तुझ्या मागच्या पाकिटावर छापलेला होता. एजन्सीची पाकिटं घरी वापरायची काटकसर तुझीच. लिहिलं की माझ्या भावाला साठ पूर्ण होताहेत, तो कधी नीट बसून जेवलेला मी पाहिला नाही, त्याला दोन दिवस विसावा द्या, आणि तुम्हीही सहकुटुंब पुरणपोळीला या. आई म्हणायचीच, विमलच्या तोंडात तीळ भिजत नाही.

रागाव, पण अबोला धरू नकोस. म्हणशील तर शेटजींना कळवते की म्हातारीचा हिशेब चुकला, भाऊ त्रेपन्नचाच आहे. देवाला मी नंतर समजावीन. लगेच लिही.

जीव तुझ्यापाशी ठेवून,
अक्का

---

नाशिक, १२ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

शेटजींना आता काही लिहू नकोस. मंगळवारी दिवाकरशेटनी बोलावलं. टेबलावर तुझं पत्र उघडं होतं. खरं वय किती, विचारलं. त्रेपन्न म्हणायला तोंड उघडलं, पण समोर तुझं अक्षर. तुला खोटं पाडवेना. साठ म्हणालो. नियम वरच्या कंपनीचा, आपल्या हातात काही नाही, असं ते म्हणाले. ते स्वतः बासष्टचे आहेत. खुर्चीला वय नसतं, स्टेअरिंगला असतं. मी किल्ली ठेवली. आठ वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, हे सांगावंसं वाटलं, पण ते कोणी विचारलं नव्हतं.

काळजी आहे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. नाथा रोपांच्या नर्सरीत लागलाय, तिथे विचारणार आहे. पूजा आधी रडली, मग मलाच धीर देत बसली.

तू मात्र स्वतःला बोल लावू नकोस. साठ वर्षांत माझ्यासाठी कोणी मालकाकडे विसावा मागितला नव्हता. निघताना मी शेटजींकडे तुझं पत्र मागितलं. त्यांनी ते घडी घालून दिलं. आठ वर्षांच्या नोकरीतून तेवढंच घेऊन आलो, आणि घरी तुझ्या भावजयीला तीनदा वाचून दाखवलं.

शनिवारच्या एसटीने येतो. माया असू दे.

तुझा,
धोंडीराम