शेख नायेफ यांचे जोडलेले हात

ऐन सफा, ४ मार्च १९८७

चि. शुक्री यास अ. उ. आ.

रस्ता अजून बंदच आहे. आपले पाद्री अबूना लतूफ आज सकाळी स्वतः वळणापर्यंत जाऊन आले, तेव्हा बातमी पक्की. कफर नीसवाल्यांनी टाकलेले दगड जागच्या जागी आहेत आणि त्यांच्यावर तो हायेल मांडीवर बंदूक घेऊन बसलाय. झऱ्याच्या पाण्याचा निकाल लागेपर्यंत आपल्या गावच्या एकाही पुरुषाला इकडून तिकडे सोडणार नाही, असं म्हणतो. म्हणजे तू बैरूतहून निघून उपयोग नाही.

आई खाटेवरून उठत नाही. डॉक्टर तिच्यासमोर हसतात आणि बाहेर आले की गप्प होतात. ती मात्र रोज विचारते, शुक्री ईस्टरला येतोय ना. मी हो म्हणते.

उपवासाचे दिवस सुरू झाले आणि अबूनांनी नवीनच नियम काढलाय. कफर नीसमधल्या एकेका माणसासाठी आपण प्रार्थना करायची आणि ज्याच्यासाठी करायची, त्याचं एखादं कामही करायचं. सगळं देवावर टाकून मोकळं व्हायचं नाही. माझ्या वाट्याला कोण यावा? हायेल! मी मनोभावे प्रार्थना केली की त्याचा पाय मुरगळू दे. अबूना म्हणाले, बाई, ही प्रार्थना नाही, तक्रार आहे. मग त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणले. टॅक्सीवाल्या रिझकला दोन्ही गावं सोडतात, कारण गॅसच्या टाक्या तोच आणतो. त्याच्याकडून पाठवले. हायेलने घातलेही. दगड मात्र तसूभर हलले नाहीत.

कोट घालत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
नुहाद


बैरूत, ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वाहवा! आधी तो निदान थंडीला कंटाळून घरी गेला असता. आता तुझ्या मोज्यांमुळे उन्हाळ्यापर्यंत ऊबदार बसेल. पुढच्या खेपेला त्याला उशी पाठव.

चेष्टा पुरे. आई गेल्यावर रस्ता उघडला तर मी तिथे येऊन काय करू? पलीकडच्या डोंगरावरून पायवाट आहे. सुरुंग पेरलेत म्हणतात, पण मेंढपाळ जातातच की. ईस्टरपर्यंत तुमच्या प्रार्थनेची वाट बघतो, मग माझ्या पायांवर भरवसा. आईला यातलं काही सांगू नकोस. तिला माझा नमस्कार आणि तुझ्यावर राग नाही, हे तूच समजून घे.

तुझा,
शुक्री


ऐन सफा, २५ मार्च

चि. शुक्री यास अ. उ. आ.

माझ्या हातून घोटाळा झालाय. शांतपणे वाच.

आपली उम्म तानूस सुईण गेली, काल तिच्या चाळिसाव्या दिवसाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, होती. दोन्ही गावांतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली, त्यामुळे कफर नीसचे शेख नायेफ दगड ओलांडून चालत आले. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, चेहरा कडक. हायेलचे सख्खे काका! बाकाच्या कडेला, माझ्या शेजारी बसले. ते ख्रिस्ती नाहीत, मिस्सेची रीत त्यांना ठाऊक कुठून असणार? अबूनांनी वेदीवरून शांतीचा आशीर्वाद दिला आणि एकाच्या हातांवरून शेजारच्याच्या जोडलेल्या हातांवर अशी ती शांती आमच्या बाकापर्यंत आली. मी त्यांना हात जोडायला लावले, माझ्या ओंजळीतली शांती त्यांच्या हातांवर ठेवली आणि हळूच सांगितलं, ही आपल्यापाशी ठेवायची नसते, पुढच्याला द्यायची असते. कडेचा माणूस ती ठेवून घेतो, हे सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्या पुढे कुणी नव्हतंच!

मिस्सा संपली. दारात कडू कॉफी आली. शेखांनी जोडलेले हात सोडले नाहीत, कॉफीला बोट लावलं नाही, तसेच उठून चालायला लागले. चाळिसाव्याची कॉफी नाकारणं म्हणजे उघड वैर, हे तुला सांगायला नको. बायका माझ्याकडे अशा बघत होत्या की मीच झऱ्याचं पाणी तोडलंय. अबूना तेवढे म्हणाले की त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

तू डोंगराचं नाव काढू नकोस. माझी शपथ.

तुझी,
नुहाद


बैरूत, १ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कॉफी नाकारली म्हणजे संपलंच. एका मेंढपाळाशी बोलून ठेवलंय. सोमवारी, १३ तारखेला निघतो. शपथ मोडल्याबद्दल समोर आल्यावर हवं तेवढं रागव.

तुझा,
शुक्री


ऐन सफा, ८ एप्रिल

चि. शुक्री यास अ. उ. आ.

मेंढपाळाला नाही म्हणून कळव. आत्ता, जेवायच्या आधी!

शेख रागावले नव्हतेच. पुढच्याला द्यायची म्हटल्यावर त्यांनी शब्दशः तेच केलं. हात सुटले तर शांती सांडेल म्हणून कॉफी घेतली नाही, आणि तसेच चढण चढून दगडांपाशी गेले. हायेलला बंदूक खाली ठेवायला लावून त्याच्या हातांत ती दिली. बजावलं, ही ठेवून घ्यायची नाही. हायेलने ती रिझकच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तर हा म्हणतो कसा, माझ्या दोन्ही हातांत टाक्या आहेत, बाबा. कफर नीसमध्ये प्रत्येक जण म्हणाला, ऐन सफाहून आलीय, तिकडेच कुणाला तरी दे. काका रोज विचारायचे, दिलीस का. दोन आठवडे बिचाऱ्याची झोप उडाली होती म्हणे.

आज सकाळी हायेल आपल्या दारात उभा. मी दार अडवून उभी राहिले. पण आईने आतूनच विचारलं, कोण आहे, आणि त्याला खाटेपाशी बोलावलं. त्याने गुडघे टेकून तिच्या जोडलेल्या हातांवर आपले हात ठेवले. आई म्हणाली, घेतली, पण ही मी शुक्रीलाच देणार, त्याला यायला वाट कोण देतंय? हायेल म्हणाला, आजी, मी देतो.

शुक्रवारी दगड बाजूला करणार आहेत. शेखांनी अबूनांना तसा शब्द दिलाय. झऱ्याचा वाद मिटलेला नाही. ईस्टरनंतर दोन्ही गावं एकत्र बसतील आणि भांडतील, पण बसून भांडतील. शनिवारी पहाटे रिझक तुला घ्यायला येईल.

आईने सकाळपासून हात सोडलेले नाहीत. सूप मी भरवतेय, नाक खाजलं तरी मला हाक मारते. मी म्हटलं, अगं, शनिवारपर्यंत अशीच बसणार का, तर म्हणाली, हायेलसारखा आडदांड दोन आठवडे पेलू शकला, मला तीन दिवस जड आहेत का?

लोभ सोबत घेऊनच ये. गाडीतून उतरलास की सामान अंगणात टाक आणि थेट तिच्या खोलीत जा, दोन्ही हात मोकळे ठेवून.

तुझी वाट पाहणारी,
नुहाद