‘रन’चा दुसरा साक्षीदार

प्रिय टाचणी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. अकरा वर्षांत ते सुधारलेलं नाही. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच, कारण बातमी मोठी आहे आणि ती माझ्या पोटात राहत नाहीये. आपल्या इंग्रजी-मराठी कोशातला ‘रन’ संपला! म्हणजे संपत आला. इंग्रजीत तीन अक्षरांचा हा शब्द एकशे बेचाळीस अर्थ घेऊन शुक्रवारी छापायला जातोय. एकशे त्रेचाळिसाव्याची जागा मी मोकळी ठेवली आहे. ती कुणाची, हे तुला सांगायला नको. तुझ्या बाबांची.

मोठ्या बाईंनी संपादक म्हणून शब्द वाटताना हा माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं? धावणे, चहाच्या आत उरकतो. संस्कृतात वाढलेल्या माणसाचा माज, दुसरं काय. आमच्याकडे एकटा ‘हृ’ धातू आहार, विहार, प्रहार, संहार अशी सोंगं काढतो खरा, पण दर वेळी बिचारा उपसर्गाचं नवं पागोटं तरी चढवतो. हे साहेब बोडक्यानेच कुठेही शिरतात. छापखान्यात पाच हजार प्रतींचा रन, ट्रकवाल्याचे दिवसाचे दोन रन, नाटकवाल्यांची पडदा न उघडता केलेली रन-थ्रू, कोंबड्यांना पाय मोकळे करायला जाळीने बंद केलेली जागा, तीही रन. रंगाऱ्याच्या भिंतीवर ओघळ आला की रन, आणि धुण्यात लाल सदऱ्याने पांढऱ्या चादरीला गुलाबी केलं तरी रनच. मागच्या वर्षी मला सर्दी झाली, तर डॉक्टरीणबाईंनी नाकाबद्दल विचारताना हाच शब्द वापरला. मी शिंक आवरून खिशातून कार्ड काढलं. त्यांनी औषधाबरोबर विश्रांतीही लिहून दिली.

तुझं बरं होतं. एका अर्थाला दोन साक्षीदार हवेत, तेही पुस्तकातले नकोत. जो माणूस तो शब्द कामात वापरतो त्याच्याच तोंडून ऐकायचा, त्याचं वाक्य जसंच्या तसं कार्डावर उतरवायचं आणि खाली ऐकणाऱ्याने सही करायची. हा नियम ऐकून आम्ही बाकीचे घाबरलो आणि तू चपला घातल्यास. एक चहा संपेपर्यंत दोन साक्षीदार आणायचीस. मी वही घेऊन दुकानात शिरलो की दुकानदार आधी तराजू लपवायचा. तुझी खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे. नव्या मुली तिच्यावर कागदांचे गठ्ठे ठेवतात. मी रोज सकाळी ते उचलून कपाटावर ठेवतो. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला टापटीपीचं वेड आहे.

आता त्या दिवसाकडे येतो. आडवळणाने बरंच चाललो. सकाळच्या बैठकीत मी रंगाऱ्याच्या ‘रन’ला ‘वर्णधाव’ असा प्रतिशब्द सुचवला होता. त्यावर तू तुझ्या टोपणनावाला जागून शांतपणे म्हणालीस, शास्त्रीबुवा, हा शब्द ऐकून रंगारी शिडीवरून पडेल. मोठ्या बाई हसल्या, शिपाई हसला, दाराशी उभा असलेला टपालवालासुद्धा हसला. मीही हसलो, पण माझं हसू दातांच्या मागे गेलंच नाही. दुपारी तू ते कार्ड घेऊन आलीस. बाबांना जाऊन महिना झाला नव्हता. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. दोन पत्रे जोडताना सांध्याच्या अगदी तळाशी जो पहिला थर भरतात, त्याला रूट रन म्हणतात, हे त्यांनी तुला शेवटच्या आजारात उशाशी बसवून सांगितलं होतं. कार्डावर त्यांचं वाक्य होतं: ‘पहिला रन कुणाला दिसत नाही, पण सांधा तोच धरतो.’

एका साक्षीदाराचं कार्ड रद्द होत नाही, ते खणात दुसऱ्याची वाट बघतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी तांबडी पेन्सिल घेतली, आडवी रेघ मारली आणि म्हणालो, साक्षीदार घरचा आहे, घरचा चालत नाही. तू वाद घातला नाहीस. पेनाला टोपण लावलंस, पिशवी उचललीस आणि जिना उतरून गेलीस. मला वाटलं, उद्या येईल भांडायला.

गेल्या मंगळवारी आपल्या जिन्याचा कठडा निखळला. दुरुस्तीला एक वेल्डरबाई आल्या. पंचविशीच्या, तोंडापुढे काळी काच, बोलण्यात पाल्हाळ नाही. मी वरच्या पायरीवर उभा राहून, लवकर आटपेल ना, असं चारदा विचारलं. पाचव्यांदा त्यांनी काच वर केली आणि म्हणाल्या, “काका, वरचा रन लोकांनी बघायला असतो. खालचा रूट रन नीट बसला नाही, तर तुम्ही पडाल. घाई कुणाला आहे, मला की तुम्हाला?”

अगं, मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं! कार्ड आणायला वर पळालो, पेन सापडेना, मोठ्या बाईंचं उचललं, खाली आलो तर चष्मा वर. बाईंना वाटलं मी तक्रार लिहून घेतोय. मी नाव लिहिताना त्यांनी दोनदा स्पेलिंग सांगितलं. पन्नाशी उलटल्यावर एका शब्दापायी जिना दोनदा चढलो आणि धाप लागल्याचं भानही नव्हतं.

संध्याकाळी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि आनंद ओसरला. दुसरा साक्षीदार मिळायला किती वेळ लागला? अर्धा तास. आपल्या गल्लीच्या तोंडाशीच वेल्डिंगचं दुकान आहे. अकरा वर्षं मी रोज त्याच्यावरून गेलो, एकदाही आत गेलो नाही. कारण आत गेलो असतो तर तुझं कार्ड खरं ठरलं असतं, आणि मग मला हे लिहावं लागलं असतं. घरचा साक्षीदार चालत नाही, असा नियम कोशात कुठेही नाही, टाचणी. तो मी त्या दुपारी केला. सकाळी लोक मला हसले होते, म्हणून. मी तुझ्या बाबांना खांदा दिला होता, आणि महिन्याच्या आत त्यांच्या वाक्यावर रेघ मारली. क्षमेसाठी संस्कृतात शब्द भरपूर आहेत. आज एकही उपयोगाचा वाटत नाही. माझं चुकलं. ही गोष्ट मी काल बैठकीत सगळ्यांसमोर सांगितली, टपालवाल्याला मुद्दाम थांबवून. बाबांचं वाक्य मी नव्या कार्डावर उतरवून सोबत पाठवतोय. खाली सहीची जागा कोरी आहे, कारण ते ऐकलं होतंस तू. छापखान्याला शुक्रवार म्हटलंय, पण तुझं कार्ड येईपर्यंत तो शुक्रवार उजाडणार नाही, एवढं मोठ्या बाईंकडून कबूल करून घेतलंय. पोस्टाने पाठवलंस तरी चालेल. स्वतः घेऊन आलीस तर कठडा आता भक्कम आहे.

तुझाच, अजूनही चुका काढण्याजोगा,
शास्त्रीबुवा