कार्बन डायऑक्साइडचे आठ ठिपके

मंगळवार, संध्याकाळ. कुकर अजून लावलेला नाही.

डोकं फिरलंय नुसतं. प्रश्न एवढाच होता: कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत एकूण लोन पेअर किती? म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या. प्रत्येक ऑक्सिजनवर दोन, एकूण चार; कागदावर एका इलेक्ट्रॉनला एक ठिपका, म्हणजे आठ ठिपके. माझ्या सईने अकरावीच्या वहीत आठही ठिपके नीट काढले होते. क्लासच्या आन्सर-कीमध्ये उत्तर शून्य! म्हणून बाईसाहेबांनी सगळे ठिपके पुसले.

मी क्लासच्या सरांना फोन लावला. मीही केमिस्ट्रीच शिकलेय, वाटलं ऐकतील. तर म्हणे, "मॅडम, बीचवाले कार्बन पे नहीं है ना? बस. बच्ची को कन्फ्यूज मत करो." अहो, प्रश्नात 'एकूण' लिहिलंय! ऑक्सिजन काय रेणूच्या बाहेर राहतो?

सईला परत समजावलं, ठिपके परत काढायला लावले. ती शांतपणे म्हणाली, "आई, कळलंय गं मला. कॉलेजच्या पेपरात चार लिहीन, क्लासच्या टेस्टला शून्य. तू नको ना चिडूस."

नको चिडू? तिचं चुकलं असतं तर चाललं असतं मला. तिने दोन्ही उत्तरं पाठ केलीत. आणि ठिपके पुन्हा पुसलेत, उद्या सर वही बघणार म्हणून.