आपला बटाटा आपण भरायचा नाही

प्रिय बोगदेकर,

तुझं आडनाव परस्पर बदलल्याबद्दल रागावू नकोस. डोंगराच्या पोटात मुक्काम ठोकलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांनी विचारलं, की तुमचे मिस्टर काय करतात, तर मी सांगते, डोंगराला भोकं पाडतात. लोक हसतात. मग कुणीतरी हमखास विचारतं, की घरी कधी असतात, आणि मी समोरची काच पुसायला घेते. आमच्या दुकानातल्या काचा सध्या फार स्वच्छ आहेत.

इकडे सगळं ठीक आहे. टिल्लीचा वरचा एक दात पडला, त्यामुळे ती बोलताना मधूनच शिट्टी वाजते आणि तिला त्याचा भयंकर अभिमान आहे. जिन्यातला दिवा परत गेला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी तुझ्या निळ्या कोटाचं अस्तर बदलून दिलंय. कोट कपाटात टांगला आहे. टिल्ली येता-जाता त्याच्या खिशात हात घालून बघते, काय शोधते ते सांगत नाही.

रविवारी नेहमीसारखे भाजलेले बटाटे केले. तू म्हणशील, यात काय बातमी? पण आता बटाट्यांत माझा हात चांगला बसलाय, हे तुला कळायलाच हवं. बटाटा धुऊन अगदी कोरडा करायचा, काट्याने टोचायचा, तेल आणि जाडं मीठ चोळून थेट जाळीवर ठेवायचा. तू तिकडे चांदीच्या कागदात गुंडाळून निखाऱ्यात टाकतोस, तो भाजलेला नव्हे, उकडलेला बटाटा. त्यावर आपला वाद तू आलास की पुढे चालू करू. मध्यंतरी एकदा मी टोचायला विसरले आणि एक बटाटा आतच फुटला. एवढा मोठा आवाज झाला, की काकू पायात एकच चप्पल घालून वर धावत आल्या. अजून ओव्हनच्या छताला त्याचा अंश आहे.

ओव्हनचं दार मात्र मिटत नव्हतं, तुला माहीतच आहे. आल्यावर स्प्रिंग बदलतो म्हणाला होतास. आलास, दोन दिवस झोपलास आणि गेलास. तेव्हापासून आम्ही दाराला खुर्ची टेकवत होतो. तुझी खुर्ची. बाकीच्या दोन खुर्च्यांवर कुणीतरी बसलेलं असतं ना. तास-दीड तास ती ओव्हनला टेकून उभी असायची आणि बटाटे झाले, की मी तिची गरम झालेली पाठ धरून तिला टेबलाशी परत आणून ठेवायचे. वेडेपणा वाटेल, पण ती गरम पाठ हाताला लागली की मला बरं वाटायचं.

बटाट्यांची गोष्ट निघाली, की मला आई आठवतात. तुम्ही चौघं भावंडं चीजवरून एकमेकांचे केस उपटायचात, म्हणून त्यांनी तो नियम काढला. आपला बटाटा आपण भरायचा नाही, उजवीकडच्याचा भरायचा. मागायचं नाही, खुणवायचं नाही, पुढ्यात येईल ते खायचं. आपला बटाटा दुसऱ्याच्या हातात आहे म्हटल्यावर सगळे कसे सुतासारखे सरळ झाले, हे त्या मला किती रंगवून सांगायच्या. मी पहिल्यांदा तुमच्या घरी जेवायला आले, तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी आपली हावऱ्यासारखी चमचा उचलून माझ्याच बटाट्याकडे वळवला. तू माझ्या हातातून चमचा काढून घेतलास. बटाट्याला चीर दिलीस, दोन्ही बाजूंनी दाबून तो उघडलास, आत लोणी, त्यावर टोमॅटोत शिजवलेला राजमा, आणि त्यावर कुरकुरीत तळलेल्या कांद्याचा हा एवढा ढीग. आपण भेटायचो त्या कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांच्या ताटातला कांदा वेचून खाते, हे तू न बोलता बघून ठेवलं होतंस. लग्नाला मी होकार पुढे बऱ्याच दिवसांनी दिला, पण ठरलं ते त्या कांद्यापाशीच.

त्यानंतर आपण एकमेकांचे किती बटाटे भरले. मी दुकानातून दमून आले असले, तर तू खिमा जास्त घालायचास. तुझं कामावर बिनसलं असलं, की मी हिरव्या मिरच्या वाढवायचे आणि तू नाक पुसत पुसत सगळं सांगून टाकायचास. कधी चुकलं नाही. मला वाटायचं, आपण कधी चुकणारच नाही.

गेल्या वेळी आलास, तेव्हा तू माझा बटाटा अगदी त्या पहिल्या दिवसासारखा भरलास. कांद्याचा तोच ढीग. किती हौसेने भरत होतास. मला कांदा सोसत नाही रे आता. डॉक्टरांनी बंद करून बरेच महिने झाले, आणि फोनवर बोलायच्या एवढ्या गोष्टींत कांद्याची पाळी आलीच नाही. मी सगळा खाल्ला. नियम म्हणून नाही. तुझा चेहरा बघून. आणि त्या दिवशी टिल्लीकडून तुझा बटाटा मागून घेऊन मी त्यात मिरच्या घातल्या होत्या, त्या तू टिल्लीशी बोलता बोलता सालीच्या कडेला सरकवत होतास, तेही मी पाहिलं. दोघंही मस्त झालाय म्हणालो. दोघांनीही पूर्वीच्या कुठल्या तरी माणसाला जेवू घातलं आणि समोर बसलेला उपाशी राहिला.

तू नसतोस तरी तुझा बटाटा असतो. टिल्ली तुझ्या डावीकडे बसते, म्हणून तो भरायचा मान तिचा. ती फार मन लावून भरते. नंतर आम्ही तो अर्धा-अर्धा करून सोमवारच्या डब्यात नेतो. गेल्या रविवारी तिने लोणी घातलं, मका घातला आणि चमचा हवेतच धरून थांबली.

"बाबांना नक्की काय आवडतं?" तिने विचारलं.

मी मनातल्या मनात यादी करायला घेतली. मिरच्या म्हणू? त्या तर तू खात नाहीस. मशरूम? घट्ट दही? तिकडच्या भटारखान्यात तुला काय वाढतात, त्यातलं काय तू मागून घेतोस, काय टाकून देतोस? मी म्हटलं, त्यांना सगळंच आवडतं.

"सगळं तर पाहुण्यांना आवडतं," टिल्ली म्हणाली.

काही लावून बोलायचं म्हणून बोलली नाही ती. लगेच दही घालून मोकळी झाली आणि स्वतःच्या बटाट्याची वाट बघत बसली. मीच सिंकपाशी जाऊन नळ सोडला आणि धुतलेली भांडी परत धुतली. मला तुझी फार आठवण आली. आणि भीती वाटली. तू लांब आहेस याची नाही, त्याची सवय आहे. आपण एकमेकांना ओळखायचे थांबलो तर, याची.

बुधवारी तुझा फोन आला. हा बोगदा संपत आलाय, पुढच्या बोगद्यासाठी साहेब सही मागताहेत, महिनाअखेर सांगायचंय, काय करू, असं तू विचारलंस. मागे कुणीतरी यंत्रावर ओरडत होतं. मी म्हटलं, तुला वाटेल ते कर. मागच्या बोगद्याच्या वेळी म्हटलं होतं तेच, त्याच्या आधीच्या वेळी म्हटलं होतं तेच. आणि दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर मला वाटलं होतं, ओळखेल तो. मला काय हवं ते त्याला न सांगता कळतं. पण तू ओळखायचं कशावरून? तिथे माझं ताट दिसत नाही, चेहरा दिसत नाही, नुसता आवाज जातो आणि तोसुद्धा तुटत तुटत. मी आईंचा नियम असा पाळत बसले, तर तू बिचारा तिसऱ्यांदाही चुकीचंच ओळखशील आणि मी ते मुकाट्याने खाईन. म्हणून हे पत्र. मी नियम मोडते आहे. मागते आहे. सही करू नकोस. घरी ये आणि राहा. इथे तुला काय काम मिळेल, कसं निभेल, ते आपण बघू. पण ये. मला कांदा नको, राजमा चालेल, आणि तुला आता काय आवडतं ते मला जवळ बसून बघायचंय. शुक्रवारी एका माणसाला बोलावून ओव्हनची स्प्रिंग बदलून घेतली. दार आता आपलं आपण मिटतं. तुझ्या खुर्चीला दुसरं काही काम उरलेलं नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
चष्मेवाली