बघून सांगते

प्रिय ठमाबाई,

ताईचा फोन आला होता. तू हॉस्पिटल फार्मसीच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणाचा, अर्ज भरणार नाहीस, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात लागतेस म्हणे. दुकानात वाईट काहीच नाही गं, पण हॉस्पिटलच्या वॉर्डात काम करायचं तुझं वेड मला ठाऊक आहे. त्या तयारीसाठीच तर तू कॉलेजात मी शिकवते तो ऐच्छिक विषय घेतलास. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हिची काय मजा, मावशीच मास्तरीण!" तू हसून सोडून दिलंस. मी मात्र ते मनाला लावून घेतलं.

मग ती सरावाची मुलाखत. मूत्रपिंडं थकलेल्या आजोबांना हे अँटिबायोटिक किती द्याल, असं मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "नक्की आठवत नाही. बघून सांगते." अगं, सहा महिने घसा कोरडा करून मी हेच तर शिकवत होते! अंदाजपंचे आकडा सांगू नका, आधी बघा. पण समोर सगळा वर्ग, शेजारी दुसरे सर. मी म्हणाले, "पेशंट तोवर थांबणार का?" वर्ग खो खो हसला. तुला सगळ्यात कमी गुण दिले, आणि आकडा ठोकून देणाऱ्या तुझ्या मित्राची पाठ थोपटली. तू खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत बसलीस. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

काल राउंडला मोठ्या डॉक्टरांनी मला एका आजींचा डोस विचारला. आठवेना. तोंडातून निघालं, "बघून सांगते." ते बरं म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. आजी थांबल्या, डॉक्टर थांबले, कुणाचं काही बिघडलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई म्हणते, मी फार कडक. कसली कडक! लोक काय म्हणतील म्हणून भ्यायले आणि तुझा बळी दिला. आज वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, त्या दिवशी बरोबर उत्तर तुझंच होतं. रेसिडेन्सीच्या निवड समितीतूनही माझं नाव काढून घेतलंय, म्हणजे आता तिथे मावशी नसेल. शिफारसपत्र त्या दिवशी शेजारी बसलेले सर देतील. मी शब्द टाकला नाही, उलट तुझे गुण कापले म्हणून त्यांनीच मला झापलं. शुक्रवारी मुदत संपते. माझ्यावरचा राग खुशाल धर, पण अर्ज भर.

तुझीच,
वर्गात मावशी व्हायला घाबरलेली मावशी