बाबांच्या बोटाने उघडणारा फोन

४ मार्च, मंगळवार

बाबा आज हरवले. म्हणजे एक थांबा पुढे उतरले, एवढंच! पण फोन उघडायचे चार आकडे आठवेनात. चुकीचे टाकून टाकून फोन बंद पाडला आणि दोन तास औषधाच्या दुकानाबाहेर बसून राहिले. शेवटी दुकानदाराने ओळखीतून नंबर शोधून माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. नंबर कुठला आठवायला, बाबांनी त्याला नुसती खूण सांगितली — "मुलगी घड्याळं दुरुस्त करते, चौकात, हिरवं दार."

दादाला कळलंच. "आता बास. रविवारी येतो आणि घेऊन जातो."

त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. बाबा तिथे दोन दिवसांत कोमेजतात.

५ मार्च

दादाशी भांडले. शेवटी तह झाला: बाबा कुठे आहेत ते त्याला त्याच्या फोनवर दिसलं पाहिजे, आणि बाबांना आपला फोन कोणाच्या मदतीशिवाय उघडता आला पाहिजे. रविवारपर्यंत मुदत.

लॉकच काढून टाकलं होतं मागे. खिशातल्या खिशात डॉक्टरांना सहा फोन! डॉक्टरीणबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

म्हणून बोटाने उघडणारा घ्यायचा. बोट काही विसरता येत नाही.

६ मार्च

फोनच्या दुकानातला विक्रेता बोलका. एकाला ठशाची जागा पाठीवर, एकाला कडेच्या बटणात, एकाला थेट काचेखाली. "ताई, हा काचेखालून उजेड पाडून बोटाचा फोटो काढतो. हा महागातला आवाजाच्या लाटांनी रेघा चाचपतो." आवाजाने चाचपतो! मी तीनदा विचारलं कसं ते. तो तीनदा तेच म्हणाला. त्यालाही माहीत नसावं.

माझा अंगठा सगळ्यांनी घेतला. मी खूश. उद्या बाबांना नेते.

चेहऱ्याने उघडणाराही पाहिला, पण बाबा फोन पोटाजवळ धरतात. त्याला नुसती हनुवटी दिसेल.

७ मार्च

एकानेही नाही घेतलं!! उजवा अंगठा, डावा अंगठा, मग दोन्ही तर्जन्या. पुसून, फुंकर मारून, ओलं करून. विक्रेत्याने हात टेकले. "काका, तुमच्या बोटांना रेघाच नाहीत हो."

बाबा हसले. "एकतीस वर्षं काचेच्या कडा घासल्या. काचेने वसूल केल्या."

घरी आलो. बाबाच म्हणाले, "जाईन की दादाकडे. त्यात काय." स्वेटर कुठे आहे विचारत होते. मला रडू आलं, ते मी भांडी आपटून घालवलं.

८ मार्च, शनिवार

सकाळी माझ्या दुकानातलं भिंग डोळ्याला लावून बाबांचे हात पाहिले. काय दिसतं म्हणून सांगू! रेघांच्या जागी नुसत्या चिरा — आडव्या, तिरक्या, एकावर एक. अंगठ्यावर तर तळहातावर असतात तेवढ्याही रेघा नाहीत. वाईट वाटायच्या आधी नवल वाटलं, खरं सांगते.

मग डोकं चाललं. शिक्क्याची शाई आणली आणि याच वहीत दहाही बोटं उमटवून घेतली. समोरचं पान पाहा — नऊ नुसते डाग. आणि दहावा! डाव्या करंगळीचा! गोल गोल, एकेक रेघ मोजून घ्यावी असा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अंगठा, तर्जनी, की संपलं — करंगळी कोणाला सुचते?

तसेच उठलो आणि फोनच्या दुकानात गेलो. बाबांच्या बोटांना अजून शाई! कडेला बटण असलेला साधा फोन. करंगळी टेकवली — उघडला. पुन्हा — उघडला. विक्रेता टाळ्या वाजवत होता.

बाबा कुठे आहेत ते दादाच्या फोनवर दिसायला लागलं, तरी त्याला पटत नव्हतं. बाबांनीच फोन करून सांगितलं, "मी उघडला. तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण जेवायला."

१० मार्च

माझ्या दुकानात बाबांचे सात वेळा फोन. "काही नाही गं, उघडतोय का बघत होतो."

११ मार्च

आज विचारलं. सगळा हात गेला, मग ही एकच कशी वाचली?

"तिला पट्टी बांधून काम करायचो. सुटल्यावर तुला शाळेतून आणायचो ना, तू करंगळी धरायचीस. बाकीच्या बोटांत काचेची कच असायची. टोचली असती तुला."

शाळेत तर मी चौथीपासून एकटीच जायला लागले होते. मग पुढे इतकी वर्षं का बांधलीत?

"सवय," म्हणाले आणि फोन उघडून दाखवला.