उभ्या उभ्या मरणारी गाडी

धाराशिव, गुरुवार

तीर्थरूप उत्तरेश्वर दाजींना,

हिंमतरावाचा वाकून नमस्कार. (गाडी ढकलून ढकलून कंबर तशीही सरळ होत नाही.) अक्काचे गुडघे काय म्हणतात? येरमाळ्यात लग्नघराला रंग लागला असेल. इकडे आम्ही शरीरानं ठीक आहोत, मनानं संपलो आहोत. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडून घेतलेली गाडी चालताना वाघीण असते. उभी राहिली की मरते. किल्ली फिरवावी, तर ‘टक्’ एवढाच उद्गार. दोन बॅटऱ्या बदलल्या, फरक शून्य. हल्ली माझं व्याख्यान संपण्याआधीच लोक उठतात. मला वाटलं, समाजाची वैचारिक भूक मेली. नंतर कळलं, शेवटपर्यंत बसणाऱ्याला गाडी ढकलावी लागते, ही बातमी जिल्हाभर गेली आहे. (येडशीला तर अध्यक्षांनी आभाराचं भाषण गाडीमागं धावत केलं.)

सृष्टीच्या साखरपुड्यात मी बोललो ते या संतापातून. इतिहासातल्या सगळ्या फितुरांची नावं घेऊन शेवटी तुमचं घेतलं, तेही पाहुण्यांसमोर, पंचवीस मिनिटं. तुम्ही हातातली जिलबी खाली न ठेवता एवढंच म्हणालात, “पाव्हणं, म्या दिली तवा गाडी चांगली हुती. लग्नाला येळेवर या म्हंजे झालं. न्हाय आलात, तर सृष्टीला बोहल्यावर न्यायला चुलत मामा हाय की.” दाजी, त्या दिवसापासून घास गोड लागलेला नाही. जिचं जावळ माझ्या मांडीवर उतरलं, त्या माझ्या एकुलत्या भाचीचा हात धरून माझ्या चुलतभावानं, राजशेखरानं चालावं? (त्याची गाडी पहिल्या किल्लीला चालू होते, एवढीच त्याची पात्रता.)

म्हणून मी स्वतः शोधाला लागलो. डिकीतला दिवाच रात्रभर बॅटरी पितो, असा माझा सिद्धांत; पण झाकण लावल्यावर तो विझतो का, हे बाहेरून कसं कळणार? मी आत झोपलो आणि हिला झाकण लावायला सांगितलं. दिवा विझला, म्हणजे माझा सिद्धांतही विझला. नेमका तेव्हाच हिला माहेरचा फोन आला. वीस मिनिटं मी डिकीतून जे बोललो, ते शेजाऱ्यांना रेडिओ वाटलं. (एकानं टाळीही वाजवली. डिकी मात्र कुणी उघडली नाही.)

शेवटी गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा ईरण्णा आणला. त्यानं सगळं बंद केलं, बॅटरीची एक तार सोडवून मध्ये मीटर लावलं. आकडा शून्याच्या आसपास हवा होता. पण गाडी झोपलेली असताना कुणीतरी वीज पीतच होतं. मग त्यानं एकेक फ्यूज उपसला. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल, तिथं चोर. सगळे फ्यूज निघाले, आकडा जागचा हलेना. तेव्हा ईरण्णा म्हणाला, “सर, कुणीतर फ्यूजला चुकवून थेट बॅटरीवरनं तार ओढलीया. लई शाणा माणूस असणार बघा.” तार त्यानं तोडून टाकली. ती ओढली कुणी, हा प्रश्न आज गौण आहे. समाजानं वैयक्तिक दोषारोपांच्या पलीकडं जायला शिकलं पाहिजे.

अक्काला नमस्कार, सृष्टीला पोटभर आशीर्वाद.

तुमचा (अजून तरी) मेव्हणा,
हिंमतराव

ता. क. तार मीच ओढली होती. सीटखाली माझ्या भाषणांचं लाउडस्पीकरचं मशीन आहे. जनतेचा आवाज कुणाच्या किल्लीवर चालू-बंद होता कामा नये, या तत्त्वानं ते मी थेट जोडलं. ईरण्णा म्हणाला, “सर, तुम्ही गप बसला तरी तुमचं मशीन गप बसत न्हाय.” हिनं त्याच्याकडून हे वाक्य दोनदा म्हणवून घेतलं आणि त्याला चहा दिला. मला दिला नाही.

ता. क. २. त्यानंतर गाडी चार दिवस उभी होती. आज पहिल्या किल्लीला चालू झाली. गाडी निर्दोष, तुम्हीही निर्दोष. तरी धोका नको, लग्नाच्या आदल्या दिवशीच एसटीनं येतो. दाजी, हात जोडतो, मामाचा मान राजशेखराला देऊ नका.

ता. क. ३. पाहुण्यांसमोर बोललेलं पाहुण्यांसमोरच मागं घेतलं पाहिजे. भर मांडवात, मंगलाष्टकांआधी घेईन. मशीन पिशवीत घालून आणतो. तुमच्या ट्रॅक्टरची बॅटरी तेवढी काढून ठेवा. पूर्ण भरलेली असावी.